खाटेच्या पायाला

— काकू, चिमीच्या घोट्याला हा वळ कसला?

— दोरीचा. खाटेच्या पायाला बांधते मी तिला.

— बांधता?

— सैलच बांधते. ओढते ती, त्याला मी काय करू?

— अहो, दोन वर्षांची आहे! वासराला बांधतात तसं...

— मागच्या दारी तळं आहे, बाई. गेल्या महिन्यात पार पायरीपर्यंत पोचली होती. मी इकडे ह्यांना कुशीवर वळवत होते. अंग लुळं पडलेला माणूस, अर्ध्यात सोडला तर खाली आपटतो. कुणाला धरू, सांग.

— मला सांगायचंत तरी.

— सांगून? अंडी निवडायचं सोडून घरी बसली असतीस?

— दुसऱ्या कुणाला विचारलं असतं.

— कुणाला ग? मास्तरीणबाईंनी दोन दिवस ठेवली, तिसऱ्या दिवशी आतून कडी. सुताराची सून तुला लांबून पाहिलं की गोठ्यात शिरते. चिमीचा बाप तर गेला तो गेलाच. कळवळा सगळ्यांनाच आहे तुझ्या पोरीचा. उंबऱ्याच्या आत मात्र कुणाला नको.

— उद्यापासून नाही आणणार मी तिला.

— नको आणूस.

(आई चिमीला कडेवर घेऊन अंगणापर्यंत जाते. बराच वेळ तिथंच उभी राहते. मग परत येते.)

— काकू... कोंबड्यांच्या शेडवर मुलं चालत नाहीत. मुकादम फाटकातूनच परत पाठवतो.

— ठाऊक आहे.

— मग सकाळी सातला...

— माझ्या दारात पुन्हा असा आवाज चढवायचा नाही.

— नाही. चुकलं माझं.

— मला काय सांगतेस? आत पडल्या पडल्या ह्यांनी सगळं ऐकलंय. त्यांना सांग.

— ...काका, चुकलं माझं.

— मोठ्यानं. डाव्या कानानं ऐकू येत नाही त्यांना.

— काका, चुकलं माझं!

— हं. आण सातला. डबा दे बरोबर, कालचा पुरला नाही.

— देते. आणि काकू, पायमोजा घालून पाठवीन तिला. त्याच्यावरून बांधाल?

— बांधीन.

— फार रडते का हो?

— पहिले चार दिवस रडली. आता दोरी हातात घेतली की आपणहून पाय पुढे करते.