चंद्रीच्या हाकेची लेव्हल

आमचं गाव गारगोटीच्या अलीकडं, वेदगंगेच्या काठाला, आन् माझं नाव सिद्धार्थ, पण त्या नावानं कोण हाक मारत न्हाय, सगळ्या भागात मी डीजे सिधू, लग्न म्हणू नका, वरात म्हणू नका, जयंती म्हणू नका, सगळीकडं मीच असतोय. आमचे आप्पा ढोलकी वाजवायचे आन् आई गायची, दोघं चौदा एप्रिलच्या जयंतीला आजूबाजूच्या गावांतनं गात फिरायची, तवा माईक बी नसायचा, पण काय सांगू तुमास्नी, आई हितं गायली की नदीपल्याड ऐकू जायचं. आप्पा गेले, ढोलकी खुंटीला लागली, आईचा आवाज मातर तसाच. मी कोल्हापुरात एका साउंडवाल्याकडं कामाला लागलो, वायरी गुंडाळता गुंडाळता मिक्सरवर हात बसला, मग गावाकडं येऊन सवताचं सामान केलं.

आता आमच्याकडची रीत ऐका पावणं. मिक्सरवर बारक्या दिव्यांची एक शिडी असती, खाली हिरवं, मग पिवळं, पार वर लाल. लाल पेटला म्हंजे आवाज लई झाला, थांब. पण कोल्हापूरचा माणूस थांबतोय व्हय? आमच्यात लाल पेटला न्हाय तर लोक इचारतात, काय सिधू, आज जेवून आला न्हाईस काय. मिरवणुकीत ते खपून जातंय, नाचणाऱ्याला आवाज फाटला काय आन् न फाटला काय, पोटात बेस वाजला की झालं. मी वीस वरसं लालातच काढली, आन् त्याचाच मला तोरा हुता.

गेल्या साली जयंतीच्या आदी आईच्या गळ्याला गाठ निघाली. डॉक्टर म्हणले गाठ साधी हाय, घाबरायचं काय न्हाय, पण आवाजाची नस तिला चिकटून हाय, आपरेशननंतर आवाज पहिल्यासारखाच ऱ्हाईल याची खात्री मी देणार न्हाय. आईच म्हणली, म्हातारीला आता कुठं गायला जायाचंय, काढून टाका. पण येताना मोटरसायकलवर माझ्या पाठीला डोकं टेकून ती गुणगुणत हुती, मला ते कानानं न्हाय, पाठीनं कळलं, आन् लई वाईट वाटलं. तवाच ठरवलं, त्या जयंतीच्या मिक्समधी, म्हंजे एकात एक गुंफलेल्या गाण्यांत, आईचा पाळणा घालायचा, तिनं सवता रचलेला, आमच्या दारी दिवा लागला गं अक्षराचा, असा हाय तो, आन् आपरेशनच्या आदीच रेकॉर्ड करून ठेवायचा.

आपरेशन गुरुवारी. मंगळवारी दुपारी मी आतल्या खोलीत भाईरचा आवाज नगं म्हणून खिडक्यांना वाकळा लावल्या, माईक उभा केला, म्हटलं आई, लेव्हल बघतो, जरा म्हण. तर ती अशी लाजत म्हणली जशी काय पावण्याच्या घरात आलीया. मी सवयीनं बटण फिरवत नेलं, लाल लुकलुकाय लागला तवा सोडलं. मग खरं रेकॉर्डिंग सुरू केलं, आन् पहिल्या ओळीनंतर आईनं डोळं मिटलं आन् ती मला इसरली, माईकला इसरली, नदीपल्याड ऐकू जाईल अशी गायली. माझं डोळं भरून आलं, दिव्यांच्या शिडीकडं कोण बघतोय.

मागनं ऐकलं तर माझी बायको सुनीता म्हणली, अहो, हे आत्तींचं गाणं न्हाय, पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतंय. खरंच फाटलं हुतं. कमी करून बघितलं, हळू लावलं तरी फाटलेलंच, बारीक फाटलेलं. हळू आलेला आवाज मागनं वाढवता येतोय पावणं, फाटलेला शिवता येत न्हाय, हे मला वीस वरसांनी कळलं, ते बी आईच्या गाण्यावर. डॉक्टरांनी तिला गळ्याला ताण देऊ नका म्हणून सांगितलेलं, आता परत गा म्हणायचं कुठल्या तोंडानं. सुनीतानंच आईला सांगून टाकलं. आई म्हणली, उद्या सकाळी म्हणीन, पण एकदाच, तुझ्या दिव्यांचं काय असंल ते आदी बघून घे.

आता बघू कसं? चाचणीला ती हळूच म्हणणार, खऱ्याला सुटणार. इचार करता करता ध्यानात आलं, आईचा सगळ्यात मोठा आवाज गाण्यात न्हायच, तो म्हशीला मारलेल्या हाकेत हाय. आमची चंद्री नदीपल्याड चरती, आन् सांच्याला आई दारातनं हाक मारती, तवा ती पाण्यात उतरून येती. बुधवारी सकाळी म्हटलं आई, गाऊ नगस, एकदा चंद्रीला हाक मार. चंद्रेऽऽ, ये गं माझे बाई, येऽऽ. माझं दिवं टोकाला जाऊन आपटलं. मी बटण मागं घेत घेत आणलं, म्हटलं अजून एकदा, हळू मारलीस तर चालणार न्हाय, तर ती म्हणली हळू हाक मारतंय कोण, आन् ती दुसरी हाक पिवळ्याच्या वर गेली न्हाय, रेकॉर्डिंग चालूच हुतं. तेवढ्यात नुकतीच चरायला सोडलेली चंद्री अर्ध्या वाटेतनं माघारी येऊन दारात हजर. आई हसली, आन् त्याच हसण्यात तिनं पाळणा म्हणला, एकदाच, पहिल्यापासनं शेवटपर्यंत. नाद खुळा.

मग मिक्स केला तो सगळा हिरव्यात, जन्मात पहिल्यांदा. एक गाणं दुसऱ्यात घालताना दोघांचे बेस एकत्र येतात, लेव्हल उडी मारती, म्हणून वर जागा सोडायची. आन् सुरवातीला ठेवली ती दुसरी हाक. मिरवणुकीत ती वाजली की पोरं बी ओरडायची, येऽऽ, आन् आई गळ्याला रुमाल बांधून पाराशेजारी खुर्चीवर बसलेली, हसून हसून डोळं पुसत हुती.

पण आपरेशननंतर आईचा आवाज बदललाच. जाडा झाला, बसका झाला. बरं वाटल्यावर एका सांजेला तिनं दारातनं हाक मारली, चंद्रीनं मान वर करून बघितलं आन् परत गवताला तोंड लावलं. आई पायरीवर बसली, म्हणली जनावरानं बी वळखलं न्हाय की रं सिधू. मी आतनं बारका स्पीकर आणला, दारात ठेवला, चाचणीची हाक लावली, आन् चंद्री पाणी उडवत आली की थेट. आई गळा धरून हसली. मग म्हणली, सिधू, उद्यापासनं तू रोज थोडं कमी लाव, मी थोडं वाढवते.

म्हंजे तिनं मलाच मिक्स शिकवला बघा. रोज सांच्याला आम्ही दोघं दारात, माझं बोट फेडरवर, म्हंजे आवाज वर-खाली करायच्या दांडीवर, जुना आवाज उतरवायचा, नवा चढवायचा, मधी भोक पडू द्यायचं न्हाय. परवा मी आईला न सांगता फेडर पार खाली ओढून धरला. स्पीकरातनं काय बी आलं न्हाय. चंद्री आली.

ते रेकॉर्डिंग मी पुसलेलं न्हाय. आई म्हणती, कशाला ठेवलंयस, मी हाय की अजून. हाय की. असू दे माझी माय अशीच, बसक्या आवाजात का हुईना.