दोनदा दाबायचा ब्रेक

गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात टेम्पोवाला साधा बल्ब घ्यायला आला होता. पण पुढे उभा असलेला म्हातारा आणि त्याची मुलगी काउंटर सोडायला तयार नव्हते.

"बाबा, ब्रेकचा मास्टर सिलिंडरही घेऊ."

"कशाला? ब्रेक लागतो की."

"दोनदा दाबला तर लागतो."

"मग दोनदा दाबायचा! मी जन्मभर पिकअप तशीच चालवली. तूही तशीच शिकलीस."

"मी शिकले. दादाला कोणी सांगितलं होतं?"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. अपघाताच्या दिवसापासून पिकअप अंगणात गंजतेय, आणि दादा काठी घेऊन चालतोय."

"त्याला गाडी चालवता येत नव्हती."

"गाडी येत होती, बाबा. फक्त आपली येत नव्हती."

टेम्पोवाल्याने हातातला जळका बल्ब उगाचच पुसला.

"दादा म्हणतो, ब्रेक नवा बसवलात तर पुन्हा चालवून बघेन."

"मला नाही बोलला."

"तुमच्याशी तो बोलतो कुठे?"

मध्येच दुकानदार म्हणाला, "काका, आतली नुसती रबरं बदला. स्वस्तात भागेल."

"नको," म्हातारा म्हणाला. "अख्खा नवा द्या. कुणीही बसो, एकदा दाबला की गाडी थांबली पाहिजे."

"कसला द्यायचा? साधा की कंपनीचा?"

"कंपनीचा." मग मुलीकडे न बघता तो म्हणाला, "बसवून झाला की दादाला हाक मार. पहिल्यांदा त्यालाच दाबू दे."

"हाक तुम्ही मारा, बाबा."