ट्रॅक्टर उलटा चढला, उलटला नाही

पोलीस दूरक्षेत्र हिरेगुड्डी, ता. अक्कलकोट, जि. सोलापूर
दिनांक १८ फेब्रुवारी १९७७, शुक्रवार, सकाळी ९ वाजून २० मिनिटे

नाव कासीम लाडलेसाब नदाफ, वय २३ वर्षे, धंदा ट्रॅक्टर चालवणे, शिक्षण सातवी पास, आठवीत शाळा सुटली, राहणार हिरेगुड्डी, मशिदीमागची आळी. मी समक्ष हजर राहून लिहून देतो की, मी वरील पत्त्यावर आई बिबीजान हिच्यासह राहतो. गावातील शेतकरी सिद्रामप्पा यांच्या ट्रॅक्टरवर मी तीन वर्षांपासून चालक आहे. माझ्याकडे लायसन्स आहे व ते सोबत आणले आहे. हा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हवालदारसाहेबांनी तशी परवानगी दिली, कारण कालच्या नोंदीत एका शब्दात एक अक्षर जास्त पडले व त्यावरून पुढचे सर्व घडले.

काल दिनांक १७ फेब्रुवारी रोजी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी मी गुड्डवस्तीच्या चढाच्या पायथ्याशी ट्रॅक्टरच्या दोन ब्रेकना जोडणारी पट्टी बसवीत होतो. गुड्डवस्ती ही गावापासून तीन मैलांवर डोंगराच्या माथ्यावर आहे. घरे बावीस. दुष्काळी कामावर रस्ता झाला तो पायथ्यापर्यंत. शेवटचा चढ तसाच राहिला. तो मी पावलांनी मोजला, दोनशे चौदा भरला. वस्तीवरच्या बायका दळण डोक्यावर घेऊन गावात येतात व परत तोच चढ चढतात. वस्तीवरील ईरम्मा यांनी सोलापुरातून जुनी पिठाची गिरणी व ऑइल इंजिन विकत आणले होते. दोन्हींचे वजन मिळून सहा क्विंटल. बैलजोडी दोन वेळा लावून पाहिली, बैल अर्ध्यातून माघारी आले. त्यामुळे मालकांनी मला जायला सांगितले. मालक त्या दिवशी दुपारी सोलापूरला बाजारात जाणार होते. ते म्हणाले, "वर पोचलास की लगेच सांगावा धाड. मला चैन पडत न्हाय."

साहेबांनी विचारले की, ज्याला चढ चढायचा सराव आहे तो चालक काल एवढा घाबरलेला का होता. त्याचे उत्तर लिहिणे जरूर आहे. गावात गैबीसाब मणियार यांचे बांगड्यांचे दुकान आहे. त्यांच्या मुलीचे नाव गुलबानो. गेल्या वर्षी १४ मार्च रोजी माझी आई त्यांच्याकडे विचारायला गेली होती. गैबीसाब म्हणाले, "चाकावरच्या माणसाला मुलगी द्यायची म्हंजे रोज कान दाराकडं ठेवायचा. वर्षभर ह्याच्या नावावर अपघात ऐकू आला न्हाय, तर बघू." त्याला काल अकरा महिने तीन दिवस झाले होते. या काळात मी ट्रॅक्टरला दगडाचा ओरखडासुद्धा येऊ दिलेला नाही.

ट्रॅक्टर चढावर उलटा का घातला असे साहेब विचारतात. गिरणी व इंजिन मागच्या लिफ्टवर बांधले होते. पाठीवर ओझे असताना सरळ चढायला गेले तर पुढची चाके हलकी होतात, उचलतात, आणि ट्रॅक्टर मागे चालवणाऱ्याच्या अंगावर पडतो. मागे तोंड करून, म्हणजे रिव्हर्स गिअरमध्ये चढले तर ओझे चढाच्या बाजूला राहते व ट्रॅक्टर जमीन धरून राहतो. आमच्या भागात याला उलटा चढवणे म्हणतात. हा बेफिकीरपणा नसून बेफिकीरपणा टाळण्याची रीत आहे.

चढण्याआधी मी चढ दोन वेळा पायी चाललो. सुटे दगड बायकांकडून बाजूला काढवले. चार जणींच्या हाती चाकाला लावायचे दगड दिले व सांगितले की इंजिन बंद पडले तर चाकाच्या उताराच्या बाजूला लावायचे व लगेच बाजूला व्हायचे, ट्रॅक्टरच्या खाली उताराला कोणी थांबायचे नाही. सर्वांत बारका गिअर टाकला. एकदा चढाला लागले की गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, इंजिनचा आवाज कमी जास्त होऊ द्यायचा नाही. मध्येच घाबरून आडवे वळायचे नाही, कारण आडवा झालेला ट्रॅक्टर कोणाचे ऐकत नाही. खूण करायला एकच माणूस वर उभा पाहिजे. ते काम ईरम्मांना दिले. हात वर म्हणजे ये, हात आडवा म्हणजे थांब. तोंडाने काही बोलायचे नाही असे सांगितले होते. ते त्यांना जमले नाही.

सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी मी निघालो. अंग मागे वळवून, डावा हात चाकाच्या पंख्यावर, म्हणजे मडगार्डवर ठेवून बसलो होतो. ईरम्मा वरून म्हणत होत्या, "ये की कासीमा. काय नव्या नवरीगत पाऊल टाकायलास? संध्याकाळ करतोस का?" मी नजर चाकावर ठेवली.

साधारण एकशे चाळिसाव्या पावलावर उजवे मोठे चाक जागेवर फिरू लागले. अशा वेळी जोर वाढवला तर चाक खड्डा करते. मी जोर वाढवला नाही. इंजिन बंद केले, गिअर तसाच ठेवला, दोन्ही ब्रेक एकदम दाबले. बायकांनी दगड लावले. चाकाखाली तुरीच्या काड्या व मुरूम टाकायला सांगितला. काही बायका म्हणाल्या, "आमी चौघी मागं चढून बसतो, वजन व्हईल." मी त्यांना बसू दिले नाही. ईरम्मा म्हणाल्या, "ह्याला आमचं वजन सोसंना, बायको कशी सोसवायची?" त्यावर सर्व जणी हसल्या. मी काड्या नीट पसरल्या आहेत का ते उतरून पाहिले, ब्रेक अडकवले आहेत याची आधी खात्री करून. नंतर पुन्हा इंजिन चालू केले व त्याच गिअरमध्ये, त्याच आवाजात चढलो.

८ वाजून ४० मिनिटांनी ट्रॅक्टर माथ्यावर पोचला. दगडाचा, चिखलाचा किंवा इतर कोणताही अपघात झाला नाही. कोणास इजा नाही. बायका मात्र रडू लागल्या. ईरम्मा गिरणीला हात लावून रडत होत्या. मी दुसरीकडे पाहून इंजिन पुसले.

यानंतर माझी एक चूक झाली, ती मी कबूल करतो. मालकांना सांगावा धाडायचा होता. वस्तीवरचे रुद्रप्पा गावात निघाले होते, त्यांच्याकडे मी तोंडी निरोप दिला की, ट्रॅक्टर उलटा वर चढला. चिठ्ठी लिहायला हवी होती, पण पेन पायथ्याच्या पिशवीत राहिला होता. रुद्रप्पांची भाषा कानडी. मराठी त्यांना बाजारापुरती येते. मालकांशी ते कानडीत बोलले असते तर काहीच घडले नसते. पण मालक ठरल्याआधीच सोलापूरला गेलेले, घर बंद. म्हणून रुद्रप्पा चांगल्या हेतूने दूरक्षेत्रात गेले, की निदान सरकारला तरी कळावे. हवालदारसाहेब तीन महिन्यांपूर्वी साताऱ्याहून आले आहेत, त्यांना कानडी येत नाही. त्यांचे बोलणे आज सकाळी दोघांनी माझ्यासमोर पुन्हा सांगितले. त्यात फरक पडला नाही. ते असे:

"काय झालं?"

"ट्रॅक्टर उलटं, साहेब."

"कुणाचा?"

"सिद्रामप्पाचं. कासीम व्हता."

"कासीम कुठं आहे?"

"वर ग्येला की."

"वर गेला? नक्की?"

"व्हय. सगळ्यांनी बघितलं. बायका लई रडल्या."

"दगड वगैरे काही लावला नव्हता का चाकाला?"

"लावला. दगड लावून बी वरच ग्येला."

रुद्रप्पा हे सांगताना हसत होते. हवालदारसाहेबांना वाटले की धक्क्याने माणसाचे असे होते. त्यांनी त्यांना पाणी दिले व नोंद केली की, ट्रॅक्टर उलटला व चालक कासीम नदाफ मयत झाला. मी बोललो होतो उलटा. नोंदीत उलटला आले. मी वर गेलो होतो हे खरे आहे, पण डोंगरावर.

नोंदीसाठी मयताचा पुरुष नातेवाईक पाहिजे होता. माझे वडील हयात नाहीत. माझ्या आईला सांगितल्यावर ती उंबऱ्यातच बसली. त्या वेळी गैबीसाब दुकान उघडे टाकून दूरक्षेत्रात आले व सही करतो म्हणाले. हवालदारसाहेबांनी नाते विचारले. ते म्हणाले, "सासरा लिवा." नोंदीत तसे लिहिलेले आहे व त्याखाली त्यांची सही आहे. मी ती आज पाहिली.

वरती आम्हाला यातील काहीच माहीत नव्हते. गिरणी ओट्यावर बसवून, पट्टा चढवून ११ वाजून ५० मिनिटांनी इंजिन चालू झाले. पहिले दळण नव्या ज्वारीचे. पट्टा सरळ फिरत आहे की नाही हे पाहण्यास मी जवळ बसलो होतो, त्यामुळे डोक्यापासून पायापर्यंत पीठ बसले. ईरम्मांनी पुरणाची पोळी केली होती. मी दोन खाल्ल्या, तिसरी हातात होती.

दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी खाली जीप दिसली. आई, गैबीसाब, हवालदारसाहेब व गावातील पाच सहा माणसे उतरली. गैबीसाबांच्या काखेत पांढऱ्या कापडाची गुंडाळी होती. वस्तीवर कोणी तरी वारले असावे असे समजून मी पायी खाली उतरू लागलो. मी पांढरा होतो. मला पाहून दोन माणसे पळाली. हवालदारसाहेब जीपच्या पलीकडच्या बाजूला गेले. ते का गेले हे मला माहीत नाही.

मी जवळ जाऊन विचारले, "कोण वारलं, साहेब?"

हवालदारसाहेब पलीकडूनच म्हणाले, "तू."

मी म्हणालो, "न्हाय साहेब, काही तरी गफलत झाली."

आईने माझे दोन्ही कान धरले. मग एक चापट मारली. मग पुन्हा कान धरले. गैबीसाब कापडाकडे व माझ्याकडे आळीपाळीने पाहत होते. ते म्हणाले, "जिता हाईस तर सांगायचं नव्हं आधी?" मी माफी मागितली.

गुलबानो जीपमध्ये नव्हती. जीपमध्ये तिला जागा दिली नाही म्हणून ती गावातून पळत आली होती. जीप आल्यावर साधारण वीस मिनिटांनी ती पोचली. तिच्या एकाच पायात चप्पल होती. माझ्या हातात पोळी तशीच होती, ती मी तिला दिली. तिने खाल्ली. याशिवाय तेथे काही घडले नाही.

हवालदारसाहेबांनी जागेची पाहणी केली व मला म्हणाले, "आत्ता पुन्हा उलटा चढवून दाखव, म्हणजे खात्री पटेल." मी नम्रपणे नकार दिला. काम नसताना ट्रॅक्टर चढावर न्यायचा नसतो, आणि माणसे गोळा झाली असताना तर मुळीच नाही. साहेबांना राग आला असावा. गैबीसाब तेव्हा मागे उभे होते. त्यांनी हवालदारसाहेबांना सांगितले, "बरोबर बोलतोय त्यो." संध्याकाळी ४ वाजता मी ट्रॅक्टर तोंड खाली करून, बारक्याच गिअरमध्ये उतरवला. रात्री मालक परत आले. त्यांनी आधी टायर पाहिले, मग मला.

माझी विनंती आहे की, कालच्या नोंदीत उलटला या शब्दाच्या जागी उलटा चढला असे करावे, मयत हा शब्द तीन ठिकाणी आहे तो तिन्ही ठिकाणी खोडावा, आणि माझ्या नावावर अपघात लावू नये, कारण तो झालेला नाही. हवालदारसाहेबांनी लाल शाई काढली आहे. त्यांचे म्हणणे असे की, मयतच नाही तर मयताचे सासरे कोठून राहणार, तेव्हा तोही शब्द खोडावा लागेल. मी म्हणालो की, तो शब्द शुद्ध लिहिलेला आहे, तो राहू द्यावा. हवालदारसाहेबांनी बाकावर बसलेल्या गैबीसाबांना विचारले, "काय करू, खोडू का ठेवू?" गैबीसाबांनी पाणी मागितले. ते पीत असताना मी हे लिहीत आहे.

हा जबाब मी लिहिला, हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला, मी रुद्रप्पांना कानडीत समजावून दिला. ऐकले ते मी लिहिले तसेच आहे, कोठे अक्षर कमी जास्त नाही. मी जिवंत असून माझ्या सहीने देत आहे.

(सही) कासीम लाडलेसाब नदाफ

चुकीच्या नोंदीमुळे झालेला खर्च साहेबांनी खाली लिहिण्यास सांगितला तो असा:

कबर खणण्याची मजुरी, दोन माणसे, अर्धे काम झाले, रु. ६.००. आईने दिले.
अत्तर, बाटली उघडल्यामुळे दुकानदार परत घेत नाही, रु. २.२५. देणे आहे, सोमवारी देईन.
कापूर परत दिला. खर्च नाही.
ट्रॅक्टरचे भाडे, हे नोंदीमुळे नाही पण कालचेच म्हणून लिहिले, रु. ४०.००, पैकी ईरम्मांनी मालकांना रु. २५.०० दिले, बाकी रु. १५.०० सुगीनंतर.
कफनाचे कापड, मांजरपाट, नऊ मीटर, रु. २३.४०. फाडलेले असल्यामुळे दुकानदार परत घेत नाही. हे पैसे गैबीसाबांनी दिले होते. मी ते आत्ता त्यांच्यासमोर मोजून ठेवले. त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला, पैसे माझ्याकडे सरकवले आणि हवालदारसाहेबांना म्हणाले, "जावयाकडनं पैसे घ्यायचे आमच्यात रीत न्हाय. तेवढा शब्द सोडून बाकीचं खोडा." म्हणून कापडाचे देणे काही नाही.