मामंजीच्या सात पुंगळ्या

माहं माहेर धामणगाव बढे, देलं मले इकडं पिंपळगाव राजाजवळच्या खेड्यात, अन् काय सांगू तुम्हाले, नव्या सुनेच्या हाती पयलं काम आलं ते पुंगळ्या घासायचं. पुंगळी म्हंजे काडतुसाची पितळी खोळ, बार उडाला का रिकामी उरते ती. माह्या सासऱ्यापाशी, मामंजीपाशी, रानडुकरं हाकलायले परवान्याची बंदूक होती, अन् सात पुंगळ्या, त्याच त्याच ते घरी पुन्हा भरत. भरणं त्याईचं, घासणं माहं. चिंच अन् राख लावून घास घास घासा, मंग सुपात उन्हात ठेवा, ओल राह्यली का मामंजी डोळे मोठे करत.

एका वर्षी निवडणूक लागली, ठाण्यातून निरोप आला, बंदूक अन् पुंगळ्या जमा करा, कागदावर सात तं सातच पाह्यजे. त्याच दिवशी अखजी, म्हंजे अक्षय तृतीया. मी देव अन् पुंगळ्या एकाच घमेल्यात घासल्या, एकाच सुपात वाळू घातल्या, अन् मोजल्या तं सहा. सूप झटकून पुन्हा मोजल्या, तरी सहाच. पोलीस इचारतीन कोणाले देली, परवाना जाईन, मामंजीले या वयात ठाण्यात बसवतीन. आमचे मालक खेकसले, देव अन् बंदुकीचं सामान एकत्र काऊन घातलं वं? मामंजी मले एक शब्द बोलले नाही, नुसता उकिरडा उकरत राह्यले, मोरीत हात घालत राह्यले.

तेवढ्यात सासू देवघरातून म्हणे, सूनबाई, निवद आण, देव केव्हाचे बसले. तिले डोळ्यानं कमी दिसे, चाचपून चाचपून तिनंच सुपातले देव नेले होते. आत जाऊन पाह्यते तं बाळकृष्णाच्या बाजूले पुंगळी उभी, हळद-कुंकू लावलेली, वरतं मोगऱ्याचं फूल. मी तिथंच बसली, रडली बी अन् हासली बी. मामंजीनं दारातूनच हात जोडले, अन् मले खुणावलं, तिले सांगू नको, लाजीन. आरती झाल्यावर त्याईनं पुंगळी उचलली अन् तिच्या जागी तेवढाच पितळी करंडा ठेवला. ठाण्यात शिपाई म्हणे, याले कुंकू काऊन? मामंजी म्हणे, दसऱ्याले आम्ही हत्यार पुजतो. शिपाई म्हणे, आज तं अखजी हाये. पण सात भरल्या, सही झाली, मामंजी हासत घरी आले.

आता सासू-सासरे गेले, बंदूक जमा केली, वावराले झटक्याची तार हाये, मी निवांत हावो. सासू मरेस्तोवर त्या करंड्याले देव समजून कुंकू लावे. मले मालूम हाये तो करंडा व्हय, तरी मी बी रोज लावते. त्या दिवशी मामंजी मले रागावले नाही, त्याचं कुंकू हाये ते.