डायनोसॉरचे मागचे पाय

अहो, पण मागचेच पाय का? तुम्हाला सांगतो, अख्ख्या मोशीत माणसं काय कमी होती? पण न्हाई! जत्रेच्या सोंगांत यंदा राक्षस नको, डायनोसॉर काढू, असं यशवंतराव मास्तरांच्या डोक्यात शिरलं, न् पुढचे पाय हिंदुराव पैलवान, मागचे पाय भैरू, म्हंजे मी! हे डायनोसॉर म्हंजे काय, तर मास्तर नाकातून सांगायचे, "कोट्यवधी वर्षांपूर्वीचं जनावर हो! पन्नास बैलांचं धूड, ताडाएवढी मान, पण खायचं नुसता झाडपाला! सगळी दलदल, नेच्यांची रानं... त्या काळात माणूस नव्हता!" आता माणूसच नव्हता, तर मला आत कशाला कोंबता?

बांबूच्या सांगाड्यावर मळ्यातलं हिरवंगार कडवळ, म्हंजे ज्वारीची ओली वैरण, विणलं. पाला खाणारं जनावर पाल्यागतच दिसू दे म्हणे! शेपटीचा भार पेलावा म्हणून माझे पाय काथ्यानं बांबूला करकचून बांधले. आत नुसती भट्टी, म्हणून अंगावर फक्त लंगोट.

न् ऐन निघताना आई सांगत आली, "भैरू, चऱ्होलीचे सोपानराव आलेत, रंभाला घेऊन! जत्रेतच पोरगा बघतो म्हणाले!" रंभा! जिच्यापायी मी काम नसताना दर बाजाराला चऱ्होलीची पायपीट करायचो, ती रंभा! म्हटलं, मास्तर, पाया पडतो, सोडा मला! तर म्हणतात, "मग शेपूट काय मी धरू?"

निघालो. हिंदुराव पुढनं ओढेल तसा मी मागनं फरफटत. समोर सोपानरावांचीच बैलजोडी, गाडीतनं सोडलेली. त्यांनी कडवळ बघितलं न् दावं तोडून आली की हो अंगावर! मास्तर ओरडतायत, "हाकला! त्या काळात बैल नव्हते!" अहो, हे बैलांना सांगा ना! हिंदुराव पैलवान पुढचे पाय घेऊन पसार! मी कुठं पळू? एक बैल शेपटीला, एक पाठीला, कराकरा कराकरा... पाठ गेली, पोट गेलं, न् भर जत्रेत उरलं काय, तर बांबू, लंगोट न् मी. रंभा तोंडात पदर कोंबून हसतीय! वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

तर सोपानराव आले न् पाठीवर थाप! "पैलवान पळाला, पर ह्यो गडी जागचा हलला न्हाई! माझ्या बैलांपुढं पाय रोवून हुबा! मला पोरगा न्हाई, ह्योच माझा घरजावई!" अहो, रोवले कुठले, बांधले होते! पण सांगू कसा? रंभा हसता हसता होकाराची मान हलवत होती...

आता रोज पहाटे त्याच जोडीला मी कडवळ टाकतो. ती मेली जोडी आधी माझ्या पायांकडं बघती. मास्तर म्हणायचे, त्या काळात माणूस नव्हता. म्हंजे सासरा पण नव्हता की हो!... "भैरूऽऽ, वैरण!" आलो, मामा, आलो... हलतोच हाय आता दिवसभर!