योसेफकाकांची लाल शाल

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. आमच्याकडे दोन पेठांची फुटबॉलची मॅच असली की अख्खं गाव मैदानावर, वडील तर त्या दिवशी सकाळचा चहासुद्धा उभ्यानं प्यायचे, आणि मी खिडकी लावून गणितं सोडवत बसायचो. बावीस जण एका चेंडूमागं धावतात, त्यात आपलं काय, असं माझं मत. पुढं इंजिनियर झालो, मोटारीचे सुटे भाग मोजायचे नि तपासायचे हे काम, आणि अकरा वर्षांपूर्वी मी नि सुनीता, म्हणजे माझी बायको, म्युनिकला आलो.

समोरच्या घरात योसेफकाका राहतात, एकटे, रेल्वेतून निवृत्त. इथं सरकारी कचेऱ्यांची पत्रं फार येतात, ती पहिली चार वर्षं त्यांनीच समजावून दिली, काय सांगू तुम्हाला, सख्खा काका एवढं करणार नाही. म्हणून त्यांच्या सत्तरीला आमच्या घरी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरवलं. शुभकार्य म्हणून सुनीतानं गावाकडून लालभडक शाल मागवली. मी नारळ दिला, तिनं कुंकू लावून ओवाळलं, शाल पांघरवली, आणि त्यांचा धाकटा भाऊ मार्टिन आला होता तो जो हसत सुटला तो थांबेना. त्यानं फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. काकांनी शाल उतरवली, चार घड्या घालून खुर्चीवर ठेवली आणि केक न खाताच गेले.

नऊ दिवस त्यांनी आमची बेल वाजवली नाही. मी कागद घेऊन कारणं लिहून काढली, केकमध्ये अंडं नव्हतं, निरांजनाचा धूर झाला, चारचौघांत वय सांगितलं, अशी सात झाली. सुनीता म्हणाली, अहो, यादी कसली करताय, जाऊन विचारा की. गेलो, तर सातही चुकीची.

काका म्हणाले, आल्झो, म्हणजे आपलं ‘हं, तर मग’, बस. या शहरात संघ दोन, लाल आणि निळा. लाल सगळीकडे जिंकतो, निळा कित्येक वर्षं खालच्या श्रेणीत पडलाय. आमचे वडील निळे, मी निळा, मार्टिन पंधराव्या वर्षी लाल झाला. माझ्या घरात टोमॅटो सोडला तर काही लाल नाही, आणि तू मला त्याच्यासमोर लाल पांघरवलंस. मी माफी मागितली, तर म्हणाले, माफी नको, शनिवारी मॅचला ये. श्रेणी वेगळ्या म्हणून मोठ्या संघांची गाठच पडत नाही, ही लालांच्या दुसऱ्या फळीशी होती, पण त्यांना तेवढंही पुरे.

दोघं भाऊ एकाच स्टेशनवरून निघाले, एकाच उ-बाननं, म्हणजे भुयारी रेल्वेनं, पण डबे वेगळे. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम, भांडण मैदानावर, घरात नाही. मैदानात आम्ही उभेच होतो. निळ्यांवर एक गोल झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मी घड्याळ पाहिलं, वीस मिनिटं राहिलेली, तीन गोल काही फिटत नाहीत. म्हटलं, काका, निघू या, गर्दी टळेल. त्यांनी गळ्यातल्या निळ्या मफलरचं एक टोक माझ्या हातात दिलं. तेवढ्यात आमच्या बाजूच्या सगळ्यांनी मफलर वर धरले नि गायला लागले, हरणारे हो, जिंकणाऱ्यांपेक्षा मोठ्यानं. मला वडील आठवले, उभ्यानं चहा पिणारे. मला शब्द येत नव्हते, तरी शेवटपर्यंत थांबलो, मफलरचं एक टोक धरून.

परत येतानाही डबे वेगळेच. आमच्या स्टेशनवर मार्टिन थांबलेला होता. मॅचबद्दल अवाक्षर नाही. त्यानं काकांची पिशवी घेतली आणि दोघं भाऊ घराकडं चालू लागले. एवढी वर्षं वैर करायचं आणि ते इतकं जपून करायचं, मला तर हातच जोडावेसे वाटले.

यंदा त्यांना एकाहत्तर वर्षं पूर्ण झाली, पुन्हा सत्कार केला. या वेळी शाल निळी होती, पण कुंकवापाशी सुनीताचा हात थबकला. काका म्हणाले, लाव गं, कपाळावरचं मला कुठं दिसतंय. मार्टिन समोरच होता, त्यानं फोन खिशातच ठेवला.

माणूस शंभर वर्षं जगो. निळे वर कधी येतील, त्याचं गणित मी आता मांडत नाही. शनिवारी उभा राहायला जातो.