म्हशीचं बाळंतपण अन् माझं

नाव गयाबाई. माहेर मंठ्याच्या अलीकडं, वडील मेंढरं राखायचे. आई मी लहान असतानाच गेली, मंग मला वाढवलं ते वडिलांनी अन् मेंढरांनी, हसू नका ताई, खरंच सांगून राह्यले. मेंढी व्याली की वडील तिला कळपामागं पळवायचे न्हाईत. झाडाखाली थांबवायचे, चांगला पाला तोडून पुढ्यात टाकायचे अन् म्हणायचे, गया, व्यालेल्या जिवाच्या पुढ्यातलं कधी उचलू नको. बाळंतपणाची माझी शाळा एवढीच.

लग्न होऊन परतूरकडं आले. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण माहेरी करणार कोण? वडील मेंढरं घेऊन रानोमाळ. मंग सासरीच राह्यले. अन् काय सांगू तुम्हाला, देवानं कशी गंमत केली, ज्या आठवड्यात मी बाळंत झाले त्याच आठवड्यात आमची भुरी म्हैस व्याली. दोघी एकाच घरात, मधे एक भिंत. भुरीला पारडी झाली, मला पोरगी. पारडी झाली म्हणून आमच्या सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, सगळ्या गल्लीत खरवस वाटला. पोरगी झाली म्हणून घरात कोणी मोठ्यानं बोलंना.

आता भुरीचा थाट ऐका. बाजरी शिजवायची, त्यात गूळ, मेथ्या, सुंठ, बाळंतशेपा, वरून तेलाची धार. घमेलं भरून वाफा निघालेल्या. आत्याबाई स्वतः हातानं कालवायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या, खा माय, खा, लई कष्ट झाले तुला. मी भिंतीच्या अलीकडून ऐकायची. अन् माझ्या पुढ्यात काय, तर भाकरी अन् तिखट पाणी. डाळ मागितली तर डाळीनं लेकराला वायू होतो. तूप मागितलं तर खोकला. शेंगदाण्यानं पित्त. केळानं सर्दी. पाणी मागितलं तर पोट सुटतं! म्हणलं आत्याबाई, मंग खाऊ तरी काय, तर म्हणल्या, पोरगीच तर हाय, तिला काय पहिलवान करायचंय का?

मालकाला सांगितलं. मालक म्हणले, बायांच्या कारभारात मी काय बोलू. अन् खरंच बोलले न्हाईत, आजपर्यंत न्हाई.

पोरीला दूध पुरंना. सुरेखा तिचं नाव. ओढ ओढ ओढायची अन् टाहो फोडायची, मंग थकून गप व्हायची. ते गप होणं मला ऐकवत नव्हतं, ताई. रडणं बरं.

परतूरवरून नर्सबाई यायच्या. चांगली बाई. अंगणात बसून आत्याबाईंच्या देखतच सांगितलं, डाळ खा, पालेभाजी खा, अंडं खा, पाणी भरपूर पी, दूध पाण्यानंच येतं. पडल्या पडल्या पाय हलव, पोट आत घे अन् सोड, मंग हळूहळू अंगणात चाल, थोडा व्यायाम पाहिजे, पण वजन बिलकुल उचलू नको. आत्याबाईंनी मान डोलवून डोलवून सगळं ऐकलं. अन् त्यातला एकच शब्द ठेवला. व्यायाम! दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर दोन घागरी. नर्सबाईनंच सांगितलंय ना, चाल म्हणून, मंग विहिरीपर्यंत चाल की.

चालले. ओलं अंग, कंबर धरून, भरल्या घागरी घेऊन. माझं अंग, म्हणजे पिशवी, खाली आली ती त्या व्यायामानं. आजबी खोकले, शिंकले की हातानं धरून बसावं लागतं. बायांना सांगायची लाज, म्हणून कोणी सांगत न्हाई. मी सांगते, लिहून घ्या.

एक दिवस काय झालं, आत्याबाई घमेलं भुरीपुढं ठेवून शेजारी गेल्त्या. पोरगी गप पडलेली. मी उठले, भिंतीच्या पलीकडं गेले, अन् बसले भुरीच्या समोर. वडिलांचे शब्द आठवले. भुरीच्या कानात म्हणलं, माय, तुझं घेते, तूबी लेकुरवाळी, समजून घे. अन् दोन्ही हातांनी खाल्लं. काय चव होती! भुरी नुसती बघून राह्यली. मंग रोजचंच झालं. दोघी एका घमेल्यात.

मला दूध आलं. पोरगी बाळसं धरायला लागली. अन् भुरीचं दूध घटलं! आत्याबाईंनी डोक्याला हात लावला. मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन म्हशीची दृष्ट काढली, असं असं ओवाळत, कोणाची नजर लागली माझ्या भुरीला, तिच्या जिभेला फोड येवो! अन् मी दारात उभी, कडेवर पोरगी, गालात गुळाची बाजरी. गिळताबी येईना, हसताबी येईना.

आता तीच सुरेखा बाळंत होऊन माझ्या घरी आली. पोरगीच झाली. परवा मी डिंकाचे लाडू वळून राह्यले होते. आत्याबाई ओसरीवर बाजेवर असतात, दात न्हाईत, उठता येत न्हाई. म्हणल्या, गया, मला दे की एक. मलाबी चेव आला. म्हणलं, नको आत्याबाई, खोकला येतो.

तर म्हातारी काय म्हणली असंल? म्हणली, भुरीच्या घमेल्यातलं खायचीस तवा नव्हता येत का खोकला?

हातातला लाडू हातातच. म्हणलं, तुम्हाला ठावं होतं? म्हणली, बराबर ठावं होतं. भिंतीला भोक होतं.

मंग बोलल्या का न्हाई?

बोलले असते तर ताटात वाढावं लागलं असतं.

एवढं म्हणून तिनं हात पुढं केला. दिला मी लाडू. दुधात चुरून, मऊ करून दिला. माफ केलं म्हणून न्हाई, ताई, माफबीफ काही केलं न्हाई. भुकेल्या माणसापुढून घमेलं उचलायचं मला वडिलांनी शिकवलं न्हाई, एवढंच.

ती बघा, सुरेखा अंगणात फेऱ्या मारून राह्यली. लेकरू पाळण्यात, पोट भरलेलं. देव तिला अशीच ठेवो. दोन्ही हात मोकळे, डोक्यावर काही न्हाई. बघत राहा नुसतं, कशी चालती.